चक्का, चॉकलेट आणि स्ट्रॉबेरी

क्रीम घातलेलं चॉकलेटचं थंड डेझर्ट हलकं करायचं म्हणून चॉकलेटच कमी घातलं, तर चवच जाते. कमी करायचं ते क्रीम. दुकानातल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के फॅट असतं, म्हणजे 200 ग्रॅममध्ये 50 ग्रॅम. टोन्ड दुधात 3 टक्के, त्यामुळे अर्धा किलो दह्यात जेमतेम 15 ग्रॅम. श्रीखंडाचा चक्का क्रीमची जागा छान घेतो, आणि त्याचा आंबटपणा डार्क चॉकलेटच्या कडवटपणाला शोभून दिसतो.

चार वाट्यांसाठी टोन्ड दुधाचं अर्धा किलो दही, 80 ग्रॅम डार्क चॉकलेट, 3 टेबलस्पून दूध, 2 टेबलस्पून पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि 200 ग्रॅम स्ट्रॉबेरी. चॉकलेटच्या वेष्टनावर कोको बटर लिहिलेलं हवं. त्याऐवजी व्हेजिटेबल फॅट असेल तर ते कंपाउंड. ते टाळूला मेणासारखं चिकटतं.

दही फडक्यात बांधून चाळणीत, खाली पातेलं, आणि सगळं फ्रिजमध्ये 6 ते 8 तास. ठाण्याच्या उकाड्यात नळाला टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबून जातं. साधारण 200 ग्रॅम चक्का निघेल. तो पुरणयंत्रातून काढा, नाहीतर चॉकलेटमध्ये पांढरे कण दिसत राहतात. पिठीसाखर आणि मीठ यातच फेटा आणि अर्धा तास बाहेर ठेवा.

खरी गडबड होते ती चॉकलेट वितळवताना. आपल्याकडच्या दमट हवेत फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर लगेच पाणी धरतं. तेवढे दोन-चार थेंबही पुरतात: साखर आणि कोकोचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि चकचकीत चॉकलेटचा रवाळ गोळा होतो. गंमत म्हणजे त्यावर उपायही पाणीच. पुरेसा ओलावा असला की कण सुटे होतात. म्हणून चॉकलेट बारीक चिरून, दूध वाफ येईपर्यंत तापवून एकदम त्यावर ओता, मिनिटभर हात लावू नका, मग मधून कडेकडे ढवळा. गोळा झालाच तर आणखी चमचाभर गरम दूध.

मिश्रण बोटाला कोमट लागलं की त्यात आधी दोन चमचे चक्का, तो एकजीव झाला की उरलेला. चक्का थंडगार असेल तर कोको बटर जागच्या जागी थिजतं आणि जिभेला किसासारखं लागतं. असं झालं तर भांडं कोमट पाण्यावर धरून हलक्या हाताने ढवळा. कडकडीत पाण्यावर धरलं तर चक्का फाटेल. वाट्यांत भरून 2 तास फ्रिजमध्ये.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात दिसू लागते. डबा उलटा करून तळ बघा, रस सुटलेला असेल तर घेऊ नका. आधी धुवा, कोरडी करा, मगच देठ काढा. देठाच्या भोकातून पाणी आत जातं. फोडी वाढतानाच घाला, आधी घातल्या तर वाटीत रसाचं तळं साचतं.

हंगाम नसेल तेव्हा साल सोललेल्या संत्र्याच्या फोडी चालतात. न शिजवलेला अननस नको. त्यातलं एन्झाइम दह्यातली प्रथिनं तोडतं आणि थोड्याच वेळात सगळं कडू होतं. घालायचाच असेल तर 5 मिनिटं शिजवून, गार करून. हापूस मात्र यात घालू नये असं माझं ठाम मत आहे, त्याचा वास चॉकलेटखाली पार दबून जातो. फळ न घातलेल्या वाट्या झाकून दोन दिवस टिकतात, तिसऱ्या दिवशी आंबटपणा चढतो.