सरांनी दिलेला शब्द

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि मन थेट आपल्या विज्ञानाच्या सरांकडे धावलं. नाव लिहायची गरज नाही. भर पावसातही प्रार्थनेच्या आधी सायकलवरून हजर होणारे सर कोण, हे आमच्या काळातला कुणीही सांगेल. इतर गुरुजनांचंही ऋण आहेच, पण मला लिहायचंय ते सरांनी शिकवलेल्या एका शब्दाबद्दल. त्या शब्दावर आज माझं घर चालतं.

शब्द ‘रेडियल’. पुस्तक इंग्रजीत आणि आम्ही मराठी प्राथमिक शाळेतून आलेली मुलं, व्याख्या घोकून वेळ मारून नेणारी. सरांना ते खपत नसे. ‘लॅटिनमध्ये रेडियस म्हणजे चाकाचा आरा. म्हणून रेडियल म्हणजे अरीय, आऱ्यासारखं मधून सरळ बाहेर जाणारं,’ असं सांगून त्यांनी वर्ग व्हरांड्यात आणला, स्वतःची सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी केली आणि विचारलं, ‘या तारा अरीय आहेत काय?’

‘होय सर!’ सगळे एका सुरात.

त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला मागच्या चाकाच्या एका तारेवर बोट ठेवून आत न्यायला सांगितलं. बोट मध्याकडे गेलंच नाही. वाटेत दुसऱ्या तारा ओलांडून ते तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, कडेला जाऊन थांबलं. ‘पेडल मारलं की तुंब्याने धाव, म्हणजे चाकाची बाहेरची कड, ओढून न्यायची असते. तारा सरळ बाहेर गेल्या असत्या तर तुंबा जागच्या जागी पिळला असता. म्हणून त्या तिरप्या. बैलगाडीचा आरा बघा, तुंब्यातून निघतो तो नीट धावेकडे. तो खरा अरीय.’ तेल लागलेली बोटं रुमालाला पुसत सर हे सांगत होते. त्या मुलीचं तोंड असं उजळलं होतं, जणू तिनेच चाक बनवलं!

मग आम्हाला छंदच लागला. जास्वंद अरीय, गोकर्ण नव्हे. आडवं कापलेलं लिंबू अरीय. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर वाळूत सापडलेला तारामासा अरीय. कोळ्याच्या जाळ्यातले मधून निघणारे धागे अरीय, त्यांच्यावर गोल फिरणारा चिकट धागा नव्हे. सहलीत दक्षिण गोव्यातल्या उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्यावर कोरलेली प्राचीन वर्तुळं पाहून कुणी तरी ‘अरीय’ म्हणालं, तर सर म्हणाले, ‘वर्तुळात वर्तुळ आहे. आरे कुठे आहेत?’ पंधरा ऑगस्टच्या फळ्यावर अशोकचक्राचे २४ आरे अंदाजाने काढलेले त्यांना चालत नसत. कोनमापक घ्यायचा आणि १५-१५ अंशांवर खुणा करायच्या.

आज माझं टायरचं दुकान आहे. रेडियल टायर मागणारे पुष्कळ येतात, पण रेडियल म्हणजे काय हे सहसा कुणी विचारत नाही. मी सांगतोच. टायरच्या आतले दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, धावण्याच्या दिशेशी काटकोनात जातात. बाजूने पाहिलं तर चाकाच्या आऱ्यांसारखे. जुन्या बायस टायरमध्ये ते तिरपे, एकमेकांवरून जायचे. आडवे दोरे असले की टायरची बाजू मोकळी वाकते, टायर कमी तापतो, जास्त चालतो. मिशेलिन कंपनीने १९४६ साली याचं पेटंट घेतलं. हे सांगताना माझ्या तोंडून सरच बोलतात, असं मला खरोखर वाटतं.

परवा शाळेत येऊन गेलो. कौलं जाऊन स्लॅब आला, व्हरांडा वर्गात घेतला. मुलं वाढली, जागा हवीच. पण सायकल उलटी करून दाखवायची तर आता कुठे दाखवणार? फळा डिजिटल आहे, चाक त्यावर सुरेख फिरतं. हात मात्र लावता येत नाही. सर आज असते तर मुख्याध्यापकांशी नक्की बोलले असते.

काणकोणकडच्या एका शेतकऱ्याकडून मी बैलगाडीचं जुनं चाक विकत घेतलंय. आरे सगळे शाबूत आहेत, धावही आहे. महोत्सवाच्या दिवशी ते विज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी घेऊन येतोय. काचेच्या कपाटात ठेवू नये, एवढी विनंती.