निदान तिचे, प्रश्नही तिचेच

माझ्या भाचीला १६व्या वर्षी हॉजकिन लिंफोमाचे, म्हणजे लसिका ग्रंथींच्या एका कॅन्सरचे, निदान झाले, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी पहिला खल केला तो तिला किती सांगायचे याचा. ‘गाठीचा आजार’ एवढेच म्हणावे, कॅन्सर हा शब्द तिच्या कानांवर पडू देऊ नये, असे जवळजवळ सर्वांचे मत होते आणि त्यामागची माया मला कळत होती. पण या वयाच्या मुलांच्या हातात फोन असतो, वॉर्डाच्या दारावरची पाटी त्यांना वाचता येते आणि आईचा चेहरा तर त्याहून आधी वाचता येतो. आपल्याला अंधारात ठेवले आहे हे एकदा लक्षात आले, की ही मुले दुखले-खुपले तरी सांगेनाशी होतात. अखेर ताईने आणि भावजींनी तिला डॉक्टरांसमोर शेजारी बसवून आजाराचे खरे नाव सांगितले. या वयात होणाऱ्या कॅन्सरपैकी हा उपचारांना चांगला प्रतिसाद देणारा आहे आणि बहुतेक मुले यातून बरी होतात, हेही तिने त्याच बैठकीत डॉक्टरांच्या तोंडून ऐकले.

त्यानंतर तिने विचारले ते केसांविषयी, मग परीक्षेविषयी आणि बऱ्याच वेळाने मृत्यूविषयी. केसांचा प्रश्न आधी आला म्हणून तो उथळ ठरत नाही. पहिल्या केमोथेरपीनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांत केस गळू लागतात, हे आधी कळले म्हणूनच ते गळण्याची वाट पाहायची की स्वतःच कापून टाकायचे, हे तिला ठरवता आले. आईवडिलांपासून हळूहळू सुटे होण्याच्या वयात हा आजार मुलांना पुन्हा त्यांच्या कुशीत आणून ठेवतो. शौचाला झाले का, किती उलट्या झाल्या, हे आई दिवसभर विचारत असते. म्हणून जे जे त्यांच्या हाती ठेवता येईल ते ठेवावे, असे मला मनापासून वाटते: कोणत्या मैत्रिणीला काय सांगायचे, भेटायला कोणी यायचे, सुई शक्य असल्यास कोणत्या हाताला टोचायची. डॉक्टरांशी काही वेळ आईवडिलांशिवाय बोलण्याची मुभाही त्यांना हवी, कारण काही प्रश्न आईसमोर तोंडातून निघतच नाहीत.

त्यांतला एक प्रश्न पुढे मूल होण्याचा असतो. काही औषधांमुळे आणि किरणोपचारांमुळे प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो आणि ती जपण्याचे उपाय शक्यतो उपचार सुरू होण्यापूर्वीच करायचे असतात. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू गोठवून ठेवण्यास फारसा वेळ लागत नाही. मुलीची स्त्रीबीजे गोठवायची असतील तर त्या तयारीला साधारण दोन आठवडे लागतात आणि तेवढे थांबणे प्रत्येक आजारात परवडत नाही. निदानाच्या धक्क्यात हा विषय काढणे घरच्यांना निर्दयपणाचे वाटते, पण नंतर काढून उपयोग नसतो. डॉक्टरांनी स्वतः काढला नाही, तर जवळच्या कोणीतरी तो काढावा.

घरच्यांनी तापाकडे विशेष लक्ष ठेवावे. केमोनंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात आणि त्या काळात ताप ३८ अंश सेल्सिअसला, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला, पोहोचला तर रात्र असो वा दिवस, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवावे लागते. त्यांना न विचारता पॅरासिटामॉल देऊ नये. ताप दबतो आणि संसर्ग आतून वाढत राहतो. स्टेरॉइड सुरू असताना येणारा संताप आणि रडू पुष्कळदा औषधाचे असते, हे भावंडांनाही समजावून सांगावे.

या भावंडांचा विचार फार कमी लोक करतात. माझा धाकटा भाचा महिनोन्‌महिने कोणाकडे काही मागेनासा झाला होता आणि सर्वजण त्याच्या शहाणपणाचे कौतुक करत होते. त्याच्यासाठी ठरलेल्या दिवशी, केवळ त्याच्यासाठी, कोणीतरी येणे गरजेचे होते. नातेवाइकांनीही ‘काही लागले तर सांगा’ म्हणून थांबू नये, कारण मागण्याचे बळ ताईपाशी उरले नव्हते. ‘मंगळवारी मी रुग्णालयात थांबते, तू झोप’ असे म्हणणारी व्यक्तीच तिच्या खऱ्या उपयोगी पडली. उपचारांबद्दलचे ऐकीव सल्ले आणि दुसऱ्या रुग्णांच्या कथा मात्र स्वतःजवळच ठेवाव्यात.

उपचार संपले की लोकांचे फोन कमी होतात आणि नेमके तेव्हाच आईवडिलांचे इतके दिवस थोपवलेले भय वर येते. पुढच्या स्कॅनच्या आधीचे दिवस तर सर्वांत कठीण जातात, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची मदत या टप्प्यावरही घ्यावी. केमोतल्या डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा हृदयावर आणि ब्लिओमायसिनचा फुफ्फुसांवर पुढे परिणाम दिसू शकतो. म्हणून कोणते औषध एकूण किती दिले आणि किरणोपचार कोठे झाले, याचा लेखी सारांश रुग्णालयातून मागून घ्यावा आणि त्याची एक प्रत त्या मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या ताब्यात द्यावी, कारण पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी घर सोडल्यावर नव्या डॉक्टरांना ही माहिती त्यांनाच द्यावी लागणार असते.