एसीत भरलेला गॅस गेला कुठे?

संस्थेच्या हरितगृह वायूंच्या थेट उत्सर्जनाचा, म्हणजे 'स्कोप १'चा, हिशेब बहुतेक जण डिझेलपासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात. जनरेटरचा धूर दिसतो. एसीतून झिरपणारा गॅस दिसत नाही, म्हणून तो वहीतही येत नाही.

डिझेलचं काम सोपं आहे, फक्त बिलांची बेरीज म्हणजे वापर नव्हे. वर्षारंभीचा साठा अधिक खरेदी, वजा वर्षअखेरचा साठा. त्यासाठी दोन्ही दिवशी टाकीत पट्टी बुडवून नोंद घ्यायची. लिटरमागे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. नैसर्गिक वायूत मात्र हमखास घोळ होतो: बिलातली ऊर्जा ग्रॉस कॅलरिफिक व्हॅल्यूवर (वाफेतली उष्णता धरून) आणि उत्सर्जन गुणांक (ऊर्जेच्या एककामागे किती कार्बन डायऑक्साइड) नेट व्हॅल्यूवरचा (ती उष्णता वगळून) असेल, तर आकडा दहा टक्क्यांच्या आसपास उगाच फुगतो. विकत घेतलेली वीज इथे येत नाही, ती स्कोप २, म्हणजे अप्रत्यक्ष उत्सर्जन.

आता एसी. देखभालीच्या बिलावर 'गॅस भरला, १ काम' एवढंच लिहिलेलं असतं. किती किलो? कोणता? हे नसेल तर हिशेबच होत नाही. आर-४१०ए या एसीतल्या गॅसची तापमानवाढ क्षमता (तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या पाचव्या अहवालातल्या मूल्यांनुसार १,९२४ येते. म्हणजे १० किलो गळती सव्वाएकोणीस टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीची, सुमारे ७,१०० लिटर डिझेल जाळल्याइतकी! चालू यंत्रात जेवढा गॅस नव्याने भरावा लागला, तेवढा आधी हवेत गेला, हे साधं गणित. नवीन यंत्रातली पहिली भरणी यात धरू नका. यंत्र भंगारात काढताना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला नाही, तर आत उरलेला सगळा गॅस उत्सर्जन म्हणून लिहावा लागतो. जुन्या एसींतला आर-२२ हा गॅस क्योटो या हवामान करारातल्या वायूंत नाही, म्हणून तो अहवालात वेगळा दाखवतात. पण दाखवायचा जरूर.

तंत्रज्ञ आला की सिलिंडर काट्यावर ठेवून भरण्याआधीचं आणि नंतरचं वजन जॉब शीटवर लिहून घ्या. आणि गळती शोधल्याशिवाय भरू देऊ नका, माझा आग्रह याच गोष्टीचा आहे. फ्लेअर नट, सर्व्हिस व्हॉल्व्ह, कंपनाने तडकलेले ब्रेझिंगचे (धातू वितळवून केलेले) जोड, या जागा आधी साबणाच्या फेसाने तपासाव्यात. दुरुस्तीनंतर नायट्रोजनचा दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरतोय का ते पाहायचं, मग व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा काढणं), मग वजनाने भरणी. एकाच यंत्रात वर्षात दुसऱ्यांदा गॅस भरावा लागला, तर ते यंत्र बदलायच्या यादीत टाका.

बदलताना आर-३२ या गॅसचं यंत्र घेतलंत तर तापमानवाढ क्षमता ६७७वर येते. मात्र आर-४१०एच्या जुन्या यंत्रात आर-३२ भरू नका. तो सौम्य ज्वलनशील आहे आणि ते यंत्र त्यासाठी बनवलेलं नाही.