सीआरसी एरर आली म्हणून बॅकअप डिलीट करू नका

बॅकअपची मोठी फाइल उघडताना सेव्हन-झिपने (फाइली कॉम्प्रेस करून एकत्र बांधणारं सॉफ्टवेअर) 'सीआरसी फेल्ड' किंवा 'डेटा एरर' दाखवलं की बहुतेक जण एकच अर्थ काढतात: फाइल गेली. मग कुणी ती डिलीट करतं, कुणी कुठलं तरी रिपेअर सॉफ्टवेअर उतरवून त्याच ड्राइव्हवर चालवतं. मला हे अजिबात बघवत नाही. फाइल बनवताना तिच्यात नोंदवलेला पडताळणीचा आकडा (सीआरसी) आणि आता उघडताना निघालेला आकडा जुळत नाही, एवढंच तो संदेश सांगतो. बिघाड डिस्कमध्ये आहे, केबलमध्ये आहे की रॅममध्ये, ते तुम्हालाच शोधावं लागतं.

गिरगाव-दादरकडच्या छोट्या प्रकाशकांची आणि ऑफिसांची कॉम्प्युटरची कामं मी बघते. दिवाळी अंकाच्या धामधुमीत ठाकूरद्वारच्या एका प्रकाशकांचा फोन आला. जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं, सगळी मिळून २०० जीबीच्या आसपासची एकच सेव्हन-झेड फाइल, आणि ती मध्येच एरर देत होती.

"ताई, सगळं गेलं का हो?"

"सर, अजून काही गेलेलं नाही. फक्त त्या ड्राइव्हवर आता काही कॉपी करू नका. मी येते."

तिथे पोचल्यावर मी फाइल उघडायच्या फंदात पडलेच नाही. आधी तिचा एसएचए-२५६ काढला, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या डेटावरून निघणारा तिचा ठसा. ६४ अक्षरांची एक ओळ मिळते, ती नोटपॅडमध्ये चिकटवली. मग तोच पुन्हा काढला. दुसरी ओळ पहिलीपेक्षा पार वेगळी! सरांचा चेहरा उतरला, पण माझा जीव भांड्यात पडला. एका जागी पडून असलेली फाइल अर्ध्या तासात आपणहून बदलत नाही. ती दोनदा वाचून दोन उत्तरं येत असतील, तर घोटाळा वाचण्याच्या वाटेत आहे आणि फाइल धड असण्याची आशा आहे. शिवाय हार्ड डिस्कचा सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा छोटा कप्पा, खराब झाला तर ड्राइव्ह सहसा अडकतो आणि रीड एरर देतो. तो गुपचूप दर वेळी वेगळा डेटा हातात देत नाही.

इथे एक खबरदारी घ्या. फाइल रॅमपेक्षा लहान असेल तर विंडोज दुसऱ्यांदा ती डिस्कवरून न वाचता रॅममधल्या कॅशमधूनच (तात्पुरत्या साठ्यातून) देऊ शकतं, आणि मग तेच चुकीचं उत्तर दोन्ही वेळा येतं. अशा वेळी मध्ये मशीन रीस्टार्ट करा.

केबल बदलली, हब काढून ड्राइव्ह थेट मागच्या पोर्टला लावला, तरी तेच. मग ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला जोडला. एसएचए दोन्ही वेळा सारखा आला, आणि सेव्हन-झिपच्या पूर्ण टेस्टच्या शेवटी 'एव्हरीथिंग इज ओके' उमटलं. त्यांच्या मशीनवर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवली, सकाळी स्क्रीनवर एररच्या लाल ओळी होत्या. रॅमची एकेक पट्टी काढून तपासल्यावर त्यातली एक खराब निघाली. नवी लॅमिंग्टन रोडवरून आणली.

अशी पट्टी रोजच्या कामात महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. कॉम्प्रेस न केलेल्या साध्या फोटोत एखादा बिट उलटला तरी कदाचित एखादा ठिपका बिघडतो, डोळ्यांना दिसतही नाही. कॉम्प्रेस केलेल्या डेटात मात्र पुढचा भाग मागच्यावर अवलंबून असतो: 'इतकं मागे जा आणि तिथून इतके बाइट उचल' अशा सूचनांनीच तो बनलेला असतो. एक सूचना चुकली की तिथून पुढचं सगळं बिनसतं. त्यात २०० जीबी डेटा त्याच रॅममधून जाणार म्हटल्यावर खराब जागेशी गाठ पडणारच.

खरी काळजी मला त्या मशीनवर अलीकडे बनवलेल्या बॅकअपची होती. कॉम्प्रेस करतानाच रॅमने दगा दिला तर चूक फाइलमध्ये कायमची लिहिली जाते. अशा फाइलचा एसएचए कुठेही काढा, सारखाच येतो, आणि टेस्ट प्रत्येक मशीनवर त्याच जागी अडते. ही खऱ्या नुकसानीची खूण. सगळ्या फाइली माझ्या लॅपटॉपवर तपासल्या, तेव्हा एक तशी सापडलीच. ती सॉलिड आर्काइव्ह होती, म्हणजे सगळी पानं एका सलग ओघात कॉम्प्रेस केलेली, त्यामुळे बिघाडानंतरचं काहीच धड निघेना. सुदैवाने ती मूळ पानं अजून डिस्कवर होती. त्यांच्यावरून नवी फाइल बनवून घेतली.

'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा' हा संदेश वेगळा. तिथे आधी फाइलचा साइज बघा. बरोबर ४ जीबीपाशी तुटली असेल तर ती फॅट-३२ पेनड्राइव्हवरून आली आहे का विचारा, त्यात याहून मोठी फाइल मावतच नाही. झिप आणि सेव्हन-झेडची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, म्हणून अर्धवट कॉपी बहुधा उघडतच नाही. टार-जीझेड प्रकारची फाइल मात्र तुटलेल्या जागेपर्यंतचं बरंचसं देते. मूळ प्रत कुठे शिल्लक असेल तर दुरुस्तीच्या मागे न लागता पुन्हा कॉपी करा.

त्या प्रकाशकांकडे आता प्रत्येक वर्षाच्या अंकांची फाइल वेगळी आहे आणि सॉलिड बंद ठेवलंय. स्कॅन जेपेगमध्येच, म्हणजे आधीच कॉम्प्रेस केलेले, असल्याने साइजमध्ये काही फरक पडला नाही. प्रत्येक फाइलसोबत तिचा एसएचए आणि दुरुस्तीसाठी पार-टू नावाच्या पद्धतीने बनवलेला १० टक्के जादा डेटा असतो. यामागचं गणित रीड-सॉलोमन, १९६० सालचं. ओरखडे पडलेली सीडी वाजते तीही याच जातीच्या गणितामुळे. फाइलचे साधारण १० टक्के ब्लॉक बिघडले तरी ते त्यातून परत बनवता येतात. टेस्ट नेहमी दुसऱ्या मशीनवर होते, आणि ती पास झाल्याशिवाय मूळ फोल्डर डिलीट करायचं नाही, असं सरांनी स्वतःच मॉनिटरला चिठ्ठी लावून लिहून ठेवलंय.