बाहेरचा चहा, नोंद ९ : फाटला, फाटला, परत फाटला, आणि मग...

जमला राव शेवटी! आज सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर, गुळाचा, म्हशीचं दूध घातलेला, घरी बनवलेल्या स्पिरिटच्या स्टोव्हवर तिथंच बसून उकळलेला चहा, आणि कपात पनीरचा एक कण नाही. ओळखीचं कोण नव्हतं म्हणून नाचलो नाही, पण तोंडातनं काहीतरी मोठ्यानं निघालं असणार, कारण फिरायला आलेले दोन काका थांबले आणि एकजण म्हणाले, "काय शिजतंय?" म्हटलं, चहा. "मग एवढं ओरडायला काय झालं?" आता त्यांना काय सांगू.

तुम्हाला मात्र सांगतो. नोंद ८ मध्ये मी लई फुशारक्या मारल्या होत्या, आठवत असेल. स्टोव्ह नंबर ४ तयार (तोच, दोन कोल्ड्रिंकच्या कॅनचा, सोळा भोकांचा), ३० मिली स्पिरिटवर ४०० मिली पाणी ९ मिनिटांत, आता थेट मसाई पठार वगैरे. ऑक्टोबरात गेलो. ताई, दाजी, भाचा आणि मी. पन्हाळा वीसेक किलोमीटर, तिथनं पुढं पठार, गवत अजून हिरवं, वारा असा की टोपी हातात धरून चालायचं. तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा आडोसा केला होता, तो दाजींच्या बॅगेला टेकवला, तरी ९ ची १४ मिनिटं झाली. पण उकळला. रंग एक नंबर. दाजी म्हणाले, आम्ही जरा कडंपर्यंत जाऊन येतो, तोवर गाळून ठेवा. मी म्हटलं गार होईल, म्हणून पातेलं परत स्टोव्हवर ठेवलं.

परत आले तोवर वरती पिवळं पाणी, खाली गोळे.

दाजींनी पातेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यात खारी बुडवायची का भाकरी कुस्करायची?" भाचा म्हणाला, "मामा, रसमलाई झाली." ताईनं दयेपोटी अर्धा कप प्यायला. नंतर पन्हाळ्यावर झुणका भाकरी आणि दही खाल्लं तेव्हा कुठं वातावरण निवळलं, पण तिथंसुद्धा दह्याची वाटी आली की सगळे माझ्याकडंच बघत होते.

आणि हा तिसरा होता. पहिला कळंब्याच्या तलावावर, दुसरा पंचगंगा घाटावर. सारखं कोणतरी सांगणार, साखर घाल की लेका, गूळच कशाला. साखरेचा चहा सगळीकडं मिळतो. कोल्हापुरात राहून, शाहू महाराजांनी १८९५ साली जिथं गुळासाठी शाहूपुरीची पेठ वसवली त्या गावात राहून मी साखरेची पुडी घेऊन हिंडायचं? नाही जमणार.

तर महिनाभर एकच काम. घरात सगळे वैतागले. ओट्यावर वाट्या, वाट्यांवर चिकटपट्ट्या, त्यावर माझ्या घाणेरड्या अक्षरात नंबर.

पहिला संशय दुधावर. बॅगेत तापतं, हलतं, म्हणून नासतंय असं वाटलं. गंगावेशीच्या कट्ट्यावरनं समोर काढलेलं दूध आणलं, घरी आणून लगेच तापवलं, तासाभरात गॅलरीत स्टोव्हवर चहा केला. फाटला. म्हणजे दूध निर्दोष. दुसरा संशय आल्यावर. कच्च्या आल्यात एक एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतं, म्हणून आलं आधी पाण्यात नीट उकळून मग दूध घालायचं. पण मी पहिल्यापासनं तसंच करतोय. तरी एकदा आलं न घालता केला. फाटला. दाजींचं म्हणणं उंचीमुळं. उंचीनं पाणी कमी तापमानाला उकळतं हे खरं, पण ३०० मीटरला साधारण १ अंश, त्यानं काय फाटतंय. शिवाय पंचगंगा घाट काय उंचावर आहे?

राहिला गूळ. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जेवढा कमी तेवढं आंबट) ६.६-६.७ च्या आसपास, आणि ४.६ ला त्यातलं केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रोटीन, पूर्ण गोळा होतं. पण उकळत्या दुधाला तिथवर जायची गरजच नसते, तापलेलं असलं की त्याच्या बऱ्याच आधी ते हात टेकतं. गूळ थोडा आंबटच असतो. म्हणून तर गूळ शेवटी, गॅस बंद करून घालायचा असं सगळ्या आया सांगतात. माझी आई पण सांगते. आणि मी तसंच करत होतो की! पातेलं खाली उतरवून, मग गूळ.

हितं मला वाटलं आपण शास्त्रज्ञ होऊया. कुंपणावर गोकर्ण आहे, त्याच्या निळ्या फुलांचं पाणी आंबटात जांभळं होतं. केलं. दोन गुळांचं पाणी त्यात घातलं. दोन्ही सारखीच दिसली, शेवाळ्यासारखी, कारण गुळाचाच रंग एवढा की खालचं निळं काय कळतंय. एक अख्खी सकाळ वाया, आणि देवाला फुलं नाहीत म्हणून आईची बोलणी वायली. मग मासे विकणाऱ्याच्या दुकानातनं पीएचच्या कागदी पट्ट्या आणल्या, टाकीच्या पाण्यासाठी असतात त्या. ज्यांना असले उद्योग करायचेत त्यांनी सरळ त्याच घ्या. घरातला डब्यातला गूळ ५ च्या आसपास, आणि दुकानातनं नवीन आणलेला ६ च्या वर. पट्टीचा रंग बघून सांगतोय, दशांश विचारू नका.

त्यापेक्षा सोपी चाचणी नंतर सुचली. दोन वाट्यांत अर्धा अर्धा कप दूध, एकेक चमचा गूळ, दोन्ही तापवायचं. जुन्या गुळाचं उकळी यायच्या आधीच फाटलं. नव्याचं उकळी आल्यावरसुद्धा दोन मिनिटं तग धरून होतं.

तोवर दिवाळी होऊन गुऱ्हाळं लागली होती. मामांच्या गावी गेलो होतो, तिथं काहिलीजवळ उभा राहून गुळव्याला हे सगळं सांगितलं. भेंडीचा चिकट रस घालून मळी काढणं चाललं होतं, नजर काहिलीवरनं न हलवता त्यांनी एकच विचारलं, "गूळ कधीचा हाय?"
"शिमग्याच्या आधीचा."
"मग त्यानं पावसाळा खाल्लाय. सादळलाय. त्यो आता चहाला न्हाई, म्हशीला घाला."

दोन वाक्यांत संपवलं. मी महिनाभर पट्ट्या भिजवत होतो. सादळलेला गूळ आतनं आंबायला लागतो, त्यामुळं आम्लता वाढते, एवढं साधं. येताना एक किलोची ढेप घेऊन आलो, गडद, जवळजवळ चॉकलेटी. पिवळाधमक दिसतो तो गूळ मी घेत नाही, त्यात हायड्रोस (रंग उजळायची पावडर) मारून रंग काढलेला असतो बऱ्याचदा, आणि मला त्याची चवच सपक लागते. हे माझं मत, वाद घालायचा असेल तर घाला. आता हवाबंद डबा, आणि पावसाळ्यात फ्रिजमध्ये.

सुटलं म्हणून गॅलरीत स्टोव्ह लावला. नवीन गूळ, उकळलेलं आलं, ताजं दूध. तीनपैकी दोनदा फाटला!!

डोकं फिरलं. त्याच गुळाचा चहा गॅसवर पाचपैकी पाचही वेळा नीट. मग पातेलं बदलून बघितलं, जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) ऐवजी स्टील. काही फरक नाही. तीन दिवस स्टोव्हला हात लावला नाही, रागानं. (त्या तीन दिवसांत ऑफिसला जाताना टपरीवर चहा प्यायलो, चांगला होता, आणि त्याचाच जास्त राग आला.)

कळलं ते एकदम फालतू कारणानं. आई गॅसवर चहा करत होती. गूळ घालताना तिचा डावा हात आपोआप बटणावर गेला, टक. आणि माझ्या डोक्यात पण टक झालं. माझ्या स्टोव्हला बटणच नाही. एकदा पेटला की स्पिरिट संपेपर्यंत पेटलेला. मी पातेलं खाली उतरवतो, गूळ घालतो, आणि मग सवयीनं परत ठेवतो, कारण खाली जाळ फुकट चाललाय बघून हात राहवत नाही. मसाईवर पण तेच केलं. म्हणजे गुन्हेगार दोघं. जुना गूळ, आणि माझा चिकट स्वभाव.

फुंकून तो विझत नाही हे तुम्हाला माहितीय (नवीन लोकांनी प्रयत्न करू नका, माझी एक भुवई अजून अर्धीच आहे, उन्हात ती ज्योत दिसत पण नाही). वरनं झाकून हवा तोडायची. स्टीलची वाटी उपडी घातली, तीन सेकंदांत विझला. नंबर १ ते ४ बनवताना भोकं किती, भिंत किती उंच यावर मी पानंच्या पानं लिहिली, आणि विझवायचं कसं ह्यावर एक ओळ नाही. तुमच्यापैकी पण कोणी विचारलं नाही, काय मित्र आहात.

मधेच एक वाकडी वाट पण झाली. बायको म्हणाली, दूध उकळून छोट्या थर्मासमध्ये ने, स्टोव्हवर नुसता कोरा चहा कर, कपात दूध ओत, गूळ घाल, उकळायचा प्रश्नच नाही. स्पिरिट पण १५ मिलीत भागतं. ऐकायला झकास. केलं पण एकदा. चांगला झाला. पण थर्मास न्यायचाच तर चहाच भरून न्यावा की, मग स्टोव्ह कशाला, आणि मग आपण सगळे इथं काय करतोय? नियम क्रमांक १, चहा तिथंच उकळायचा, दुधासकट. मी मोडणार नाही. बायकोनं यावर काय म्हटलं ते लिहीत नाही.

तर आजची सकाळ. मसाई नाही, पन्हाळा नाही, घरापासनं सायकलनं दहा मिनिटं. थंडी बऱ्यापैकी, पाण्यावर धुकं, संध्यामठ अर्धा दिसतोय अर्धा नाही. एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. वारा नव्हता, तरी आडोसा लावलाच. स्पिरिट नवीन, कारण आधीच्या पेंटवाल्याकडच्या बाटलीत पाणी होतं माझ्या मते, संपल्यावर तळाला ओल राहायची. हा दुसऱ्याकडचा, ५ रुपये जास्त, पण भडका निळा. आठ मिनिटं. चहापत्ती, दूध, वर येतोय येतोय, वाटी टाकली, टक. गूळ. ढवळला आणि काहीच झालं नाही! नुसता चहा राहिला. मी कपाकडं बघत बसलो, तोवर उन्हाची पहिली पट्टी शालिनी पॅलेसच्या घड्याळावर आली. दोन्ही काकांना अर्धा अर्धा कप दिला. एकजण म्हणाले, "गूळ जरा कमी चालला असता." चालायचंच.

पुढं स्टोव्ह नंबर ५ मध्ये आत कापूस भरणार होतो, सांडू नये म्हणून. पण आत्ता हे लिहिता लिहिता सुचलं की वाटीऐवजी बूटपॉलिशच्या डबीचं झाकण घेतलं, त्याला मधोमध एक रुपयाएवढं भोक पाडलं आणि पेटलेल्या स्टोव्हवर ठेवलं, तर जाळ बंद न होता बारीक होईल! म्हणजे मंद आच. म्हणजे मसालेभात, निदान उप्पीट तरी. कापूस राहू दे. उठून डबी शोधली, होती अर्धी भरलेली, पॉलिश एका वाटीत काढून ठेवलंय, सकाळी आईला दिसायच्या आत हलवायला पाहिजे.

आणि हो, आईनं संध्याकाळी विचारलं, मला कधी नेणार. आठ नोंदी झाल्या, पहिल्यांदा विचारलं. तिला खाली बसता येत नाही, गुडघे. घडीचं स्टूल लागेल, सायकलवर बसेल असं. कोणाकडं असेल तर वजन किती ते सांगा, आणि बसल्यावर हलतंय का.

झाकणाला अजून पॉलिशचा वास येतोय. आधी एकदा नुसतं जाळून घेतो.