बोरमाळेची ठुशी होईपर्यंत

लेकीला लग्नात ठुशी हवी होती आणि सासूबाईंच्या बोरमाळेचे सात-आठ मणी चेपले होते. माळ मोडीत घालून त्याच सोन्यातून ठुशी करायचं ठरलं. माळ रुमालात गुंडाळून लक्ष्मी रोडला नेली.

पहिल्या दुकानात वजन भरलं ३१.२०० ग्रॅम. कॅरेटमीटर म्हणजे सोन्याची शुद्धता सांगणारं यंत्र, त्याखाली धरून तिथला मुलगा म्हणाला, "काकू, आत लाख भरलेले मणी आहेत. निम्मी लाख धरू, वर दहा टक्के घट. बावीस कॅरेटचे १४ ग्रॅम मिळतील." आत न बघताच निम्मी लाख? शिवाय ते यंत्र वरचाच थर वाचतं, सांधे जोडायला लावलेल्या डागाचं त्याला काय कळणार! माळ परत रुमालात.

रविवार पेठेतल्या एका सराफांनी मात्र विचारलं, "समोर आटवून देतो. थांबाल ना?"

थांबले. आटवण्याआधी एक मणी काढून घेतला, तो माझ्याकडेच. बाकीचे कारागिरानं एकेक कापून तापवले. लाख वितळून काळी गळायला लागली आणि पोस्टात पार्सलला सील करताना यायचा तसा वास खोलीभर पसरला. मग पत्रे मुशीत, वर चिमूटभर टाकणखार, आणि ज्योत. आधी सगळं काळवंडलं, मग एकदम आकसून त्याचा थरथरता गोळा झाला. साच्यात ओतला, पाण्यात चर्रर्र झालं. चाळीस वर्षं गळ्यात मिरवलेली माळ करंगळीएवढी कांडी झाली. माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू.

कांडीचं वजन १९.६४० ग्रॅम. तपासणीत ८३.५ टक्के, म्हणजे वीस कॅरेट. सासूबाई जन्मभर "चोख बावीस" म्हणत आल्या! बावीस कॅरेटच्या हिशोबानं १७.९० ग्रॅम जमा झाले, पहिल्या दुकानापेक्षा जवळजवळ चार ग्रॅम जास्त.

ठुशी २४ ग्रॅमची ठरली. लेकीनं मोबाइलवर दाखवलेल्या डिझाइनचे मणी कारागिरानं बारीक करायला लावले. मोठे घेतले तर ठुशी गळ्याशी बसत नाही म्हणाला. घडणावळ १४ टक्के सांगितली, घासाघीस करून बारावर आणली. ३ टक्के जीएसटी मात्र अख्ख्या नव्या दागिन्यावर लागला. मी आपली जुन्या-नव्या सोन्यातल्या फरकावरच धरून चालले होते.

तीन आठवड्यांनी ठुशी हातात आली. भिंगाखाली बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२के९१६ म्हणजे बावीस कॅरेटचा शिक्का, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय दुकानदाराला दागिना विकता येत नाही. (दोन ग्रॅमच्या आतल्या नथीसारख्या वस्तूंना सूट आहे.) काउंटरवरच बीआयएस केअर अॅपमध्ये तो टाकला, तर नोंदच सापडेना. छातीत धस्स. सराफांनी शांतपणे भिंग माझ्या हातात दिलं. आठ म्हणून टाकलेला आकडा इंग्रजी बी निघाला.

काढून ठेवलेला मणी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. लेक म्हणते, त्याचं पेंडंट कर. बघू.