शेवटचा रकाना

आठवीत असताना मी 'ॲकॉमोडेशन' हा शब्द फळ्यावर तीन वेळा लिहिला आणि तिन्ही वेळा चुकला. एकदा सी कमी पडला, एकदा एम, तिसऱ्यांदा दोन्ही. वर्ग गप्प होता, कारण माझ्यानंतर ज्यांची पाळी होती त्यांनाही तो येत नव्हता. इंग्रजीच्या सरांनी माझ्या हातून खडू घेतला, शब्द पुसला आणि मराठी व्याकरणाच्या तासाला शोभेल असा प्रश्न विचारला, "सत् अधिक जन?"

"सज्जन!" आम्ही एका सुरात ओरडलो.

"मग त् कुठे गेला?"

तो पुढच्या ज सारखा झाला, हे आम्हाला पाठ होतं. सरांनी फळ्यावर तीन लॅटिन तुकडे लिहिले. ॲड म्हणजे कडे, कॉम म्हणजे सह, मोडस म्हणजे माप. ॲडचा डी पुढच्या सी सारखा झाला, म्हणून दोन सी. कॉमचा एम आणि मोडसचा एम शेजारी आले, म्हणून दोन एम. मापात बसवून घेणं, सामावून घेणं, जागा करून देणं असा तो शब्द. संधी सोडवली आणि स्पेलिंग सुटलं. त्यानंतर आजतागायत तो शब्द माझ्या हातून चुकलेला नाही.

तोवर इंग्रजी स्पेलिंग म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, त्यात काही नियम असेल असं मनातही आलं नव्हतं. पुढचा आठवडाभर सरांनी धडा बाजूला ठेवला आणि संधीच घेतल्या. इन म्हणजे नाही. तो लीगलच्या आधी आला की इल होतो, रेग्युलरच्या आधी इर आणि मॉर्टलच्या आधी इम. उत् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तीच ही रीत. इम्मॉर्टलच्या शेजारी सरांनी 'अमर्त्य' लिहिलं. नकाराचा अ तिकडे इन झालेला आणि आपला मर्त्य तिकडे मॉर्टल. दोन्ही शब्दांकडे मी किती वेळ बघत बसले होते, ते आजही आठवतं. सरांनी तेव्हाच सांगितलं की १७८६ साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघालेल्या असाव्यात, असं मांडलं होतं. ज्या भाषेची आम्हाला धडकी भरायची, तिच्या घरात आमचं नातं निघालं.

मग उपसर्ग आले. एकट्या हृ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार कसे होतात, ते आम्हाला ठाऊक होतं. सरांनी तसाच लॅटिनमधला 'पाहणे' घेतला, स्पेक. हा आपल्या पश्यतिचा भाऊबंद. इन्स्पेक्ट म्हणजे आत पाहणं. रिस्पेक्ट म्हणजे वळून पुन्हा पाहणं. सस्पेक्टमध्ये सब आहे, म्हणजे खालून पाहणं. संशयाने पाहणाऱ्याची मान खाली आणि नजर वर कशी असते, ते सरांनी करून दाखवलं. त्यानंतर तो शब्द कुणाला विसरता येणार!

आम्ही वह्या केल्या. चार रकाने होते : शब्द, त्याचे तुकडे, माझा अंदाज आणि शब्दकोशातला अर्थ. सरांचा दंडक एकच होता. शेवटचा रकाना शब्दकोश उघडल्याशिवाय भरायचा नाही, आणि तो भरल्यावर तिसरा खोडायचा नाही.

या दंडकाचं मोल मला एका चुकीने कळलं. आदल्या दिवशी पेस, म्हणजे पाय, हा शब्द झाला होता. तो आपला पद. इम्पीड म्हणजे पाय अडकवणं, म्हणजे अडथळा आणणं. एक्स्पडाइट म्हणजे अडकलेला पाय मोकळा करणं, म्हणजे काम मार्गी लावणं. मी या शब्दांवर इतकी खूश होते की दुसऱ्या दिवशी पीडिॲट्रिक्स दिसताच हात वर केला आणि सांगितलं, पायांच्या रोगांचं शास्त्र. सरांनी मला जागेवर बसवलं नाही, टेबलावरचा शब्दकोश माझ्या हातात दिला. बालरोगशास्त्र! मूळ शब्द ग्रीक, पाइस म्हणजे मूल, पायाशी काही संबंध नाही. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पी नंतर ए आणि ई असे दोन स्वर येतात, तीच त्याची खूण. मी हिरमुसले, तेव्हा सरांनी पेडिग्री शब्द शोधायला लावला. वंशावळीचा हा शब्द, यात पाय असेल असं मला मुळीच वाटलं नाही. पण यात खरोखरच पाय निघाला. जुन्या फ्रेंचमध्ये तो 'क्रौंचाचा पाय', कारण वंशवृक्षात खाली फुटणाऱ्या रेघा पक्ष्याच्या पंजासारख्या दिसतात. माझे दोन्ही अंदाज चुकले होते. ते पान मी अजून जपलं आहे.

डेट, म्हणजे कर्ज, या शब्दातला मुका बी मात्र सरांनी दोन मिनिटांत उरकला. तो शब्द फ्रेंचमधून बी शिवायच आला होता; लॅटिन डेबिटमची आठवण म्हणून पंडितांनी नंतर बी घुसवला. ज्याचा उच्चार कुणीच करत नाही, ते अक्षर पाठ करायची माझी चीड तिथे संपली.

या पद्धतीने सगळं इंग्रजी येतं, असं मी म्हणणार नाही. गेट, पुट, टेक यांसारखे रोजचे छोटे शब्द लॅटिनचे नाहीतच. ते बोलून, चुकूनच अंगवळणी पडतात, आणि त्यात मला पुष्कळ वर्षं गेली. पण मराठी माध्यमातून थेट नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेले तेव्हा शरीररचनेचं जाडजूड पुस्तक उघडताना आठवीतली वही जवळ होती. गळ्याखालच्या आडव्या हाडाला क्लॅव्हिकल म्हणतात. क्लाविस म्हणजे किल्ली, क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. हाच क्लाविस पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत येऊन 'चावी' झाला आहे. मसल म्हणजे मूळचा छोटा उंदीर, आणि तो लॅटिन उंदीर आपल्या मूषकाचा नातलग. दंड आवळून बघा, कातडीखाली काय पळतं ते दिसेल. मैत्रिणी रात्र रात्र जागून नावं पाठ करायच्या. मी त्यांना वही वाचून दाखवायचे. पहिला पगार हातात आला तेव्हा 'पगार'ही शोधला. तोही पोर्तुगीजांकडून आलेला, मूळ लॅटिन पाकारे, म्हणजे शांत करणं, देणेकऱ्याने घेणेकऱ्याला. इंग्रजी पे हा त्याचा सख्खा भाऊ.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, त्यात 'सुव्हेनिअरसाठी लेख पाठवावा' असं होतं. जुन्या सवयीने वही काढली. सब, म्हणजे खालून, हा ओळखीचाच. व्हेनिरे म्हणजे येणं, तोही आपल्या गम् धातूचा सगा. तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'खालून वर येणे'. सर आता नाहीत. शेवटचा रकाना तसाच ठेवून मी कपाटातून शब्दकोश काढायला उठले.